हानाएच्या सोबतीला

ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, पहिल्या दिवशी सकाळपासून तामी दोन कामं करत होती. एक म्हणजे लाल चवळीचा गोड भात शिजवणं आणि दुसरं म्हणजे सासूसासऱ्यांचे निरोप पोचवणं. दोघंही एकाच खोलीत, एकाच शेगडीच्या दोन बाजूंना बसले होते. किसाबुरो म्हणायचे, "तुझ्या सासूला विचार, भूर्जाच्या साली नीट वाळल्यात का." किवा जागेवरूनच उत्तर द्यायची, "मामंजींना सांग, कालच वाळल्यात." तामी दोघांकडे बघून मान डोलवायची आणि पुन्हा भाताकडे वळायची. हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती.

ओबोन झालं की येणाऱ्या रविवारी मी बाप्तिस्मा घेणार, असं किवाने मागच्या आठवड्यात जेवताना सांगितलं होतं. लोणच्याची वाटी पुढे सरकवावी इतक्या सहज. त्या जेवणापासून किसाबुरो बायकोशी थेट एक शब्द बोलले नव्हते. ओरडले नाहीत, रागावले नाहीत, नुसते गप्प झाले. धाकट्या मुलाच्या, शोजीच्या, मरणाची खबर आली तेव्हा असेच झाले होते, म्हणून तामीला त्यांची जास्त काळजी वाटत होती.

एइसाकुचं तसं नव्हतं. तामीचा नवरा हा ओसानाई घराचा थोरला, सफरचंदांच्या बागेचा आणि घराचा वारस, शिवाय गावच्या बुद्धमंदिराच्या कमिटीवर यंदाच निवडून आलेला. बहीण ख्रिस्ती झाली ती झाली, आता आईपण निघाली म्हटल्यावर गावात मान वर करून चालायचं कसं, हे तो रोज अंथरुणात पडल्या पडल्या तामीला विचारत होता. देव्हाऱ्याचं पुढे कोण बघणार, या मुद्द्यावर तूच आईशी बोल, असंही त्याने सांगितलं होतं. तामी बोलली नव्हती. देव्हाऱ्यापुढे सकाळचा पहिला भात, पाणी आणि उदबत्ती हिवाळ्यापासून तीच ठेवत होती, कारण सासूचे गुडघे वाकत नव्हते. घरातल्या एकाही पुरुषाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

दुपारच्या आधी सेत्सु आणि तिचा नवरा आले. सेत्सु म्हणजे या घरची मुलगी. शहरात शाळेत शिकवायला गेली आणि मुकाई जुन्झो नावाच्या पाळकाशी लग्न करून परत आली. तो समुद्राकाठच्या कोळ्यांच्या घरातला. गावाच्या टोकाला सफरचंदांची एक रिकामी वखार भाड्याने घेऊन त्याने तिच्यावर पाटी लावली. मागे पडद्याआड दोघांचा संसार, पुढे उपासना. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या सभेला फक्त वारा येतो, असं गाव म्हणायचं. मग एक शाळामास्तर यायला लागले, मग सायकल दुरुस्तीच्या दुकानातली विधवा, मग डोंगरातलं कोळसा पाडणारं एक जोडपं. आणि या वसंतापासून किवा.

*

कबरस्तानात सगळ्या गावाने आपापल्या घराण्याच्या कबरीच्या दगडासमोर चटया अंथरल्या होत्या. भूर्जाच्या साली पेटत होत्या, त्यांचा काळा, तेलकट धूर डोळ्यांत जात होता आणि लोक डबे उघडून पितरांबरोबर जेवत होते. मुकाईने विहिरीवरून पाणी आणलं, ओसानाईंचा दगड धुतला, शेवाळ खरवडलं. हात मात्र जोडले नाहीत. गुरुजींना हाक मारावी तसं शेजारच्या चटईवरचे एक आजोबा म्हणाले, "सेन्सेई, हात जोडत नाही ते सोडा, पण दगड आमच्या सुनेपेक्षा चांगला घासता." सगळे हसले, मुकाईही हसला.

पण त्याचं लक्ष किवाकडे होतं. ती शोजीसाठी वाकली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. पुढच्या रविवारी जिला पाण्यात उतरवायचं, ती आज इथे एवढा वेळ हात जोडून बसते, याने त्याच्या मनात कुठेतरी टोचलं. लगेच स्वतःची लाजही वाटली. ओसानाई घरातून कुणी येईल ही आशा त्याने सोडली होती. वसंतातल्या एका रविवारी किवा येऊन मागच्या आसनावर बसली, तेव्हा त्याने वाचलेलीच ओळ पुन्हा वाचली होती. त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. आपल्या प्रवचनात काहीतरी उतरलं असावं असं त्याला वाटायचं, आणि त्या वाटण्याचा आनंद तो सेत्सुपासूनही लपवून ठेवायचा.

*

घरी परतल्यावर चहा झाला आणि एइसाकुने विषय काढला. आधी त्याने सावकाश, कमिटीत बोलतात तसं मांडलं. गाव काय म्हणतं, नातेवाईक काय म्हणतात, तामीच्या माहेरचे काय म्हणतील. किवा ऐकत होती आणि मधून मधून त्याच्यापुढे चवळीचा भात सरकवत होती. शेवटी त्याचा धीर सुटला.

"आई, मंदिरातले भिक्षू तुला मरणानंतरचं नाव देणार नाहीत. आपल्या दगडाखाली ठेवू देणार नाहीत. मग तुला ठेवायचं कुठं?" आणि तो मुकाईकडे वळला. "तुमच्या मंडळीची आहे का कुठं जागा, सेन्सेई?"

मुकाईने नाही म्हणून सांगितलं.

"वखारीत बसून गाणी म्हणता. गावोगाव सायकल मारत जिवंत माणसांना बोलावता. आणि मेल्यावर त्यांना ठेवायला तुमच्याकडे हातभर जमीन नाही."

सेत्सु उठली आणि रिकामी नसलेली किटली भरायला आत गेली. मुकाईने मान खाली घातली. एइसाकुचं म्हणणं खोटं नव्हतं. कोळसावाल्या म्हाताऱ्यानेही त्याला हेच विचारलं होतं, आणि उत्तर न मिळाल्यावर पुढचे दोन रविवार तो आला नव्हता.

मग किसाबुरो बोलले. इतके दिवस ते कुणाशीच धड बोलले नव्हते, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी विचारलं, "शोजी कुठंय?"

कुणाला कळलं नाही. त्यांनी पुन्हा जावयाकडे बघून विचारलं. "माझा धाकटा. तुमचं काही कानावर पडायच्या आधीच तो दक्षिणेकडे लढाईत मेला. बुद्धाचं नाव घेत गेला की आईला हाक मारत गेला, तेही ठाऊक नाही. पांढऱ्या कापडात पेटी आली, तिच्यात एक खडा. तुमच्या शिकवणीप्रमाणे तो कुठंय?"

या प्रश्नाची उत्तरं मुकाईला शिकवलेली होती. ती ओठांपर्यंत आलीही. त्याने ती गिळली.

"मला माहीत नाही, बाबा."

एइसाकु हसल्यासारखा आवाज करून बाजूला वळला. किसाबुरो हसले नाहीत, वाट बघत राहिले.

"ज्याच्यावर माझा विश्वास आहे, तो शोजीच्या आईपेक्षा निष्ठुर नाही. एवढंच मला माहीत आहे. त्यापुढचं ठाऊक असल्यासारखं बोललो तर ते खोटं होईल."

"बरं," किसाबुरो म्हणाले. आणि मग तामीला मधे न घालता ते सरळ बायकोकडे वळले. "याला स्वतःलाच माहीत नाही म्हणतो. मग तू कशाला जातेस?"

किवाने हातातला पंखा मांडीवर ठेवला.

"हानाए एकटी आहे म्हणून."

हानाए ही सेत्सुची मुलगी. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात जन्मली आणि बर्फ वितळायच्या आत खोकल्याने गेली. तिच्या अस्थी मुकाईच्या गावी, त्याच्या घराण्याच्या कबरीत ठेवल्या असं या घरात सगळे धरून चालले होते. किसाबुरो तसं म्हणालेही.

"तिथं नाही ती," किवा म्हणाली. "वखारीत आहे. पडद्यामागच्या फळीवर, सेत्सुच्या शिवणाच्या डब्याशेजारी."

वसंतात ती मुळ्याचं लोणचं द्यायला गेली होती. सेत्सु दारात नव्हती म्हणून थेट पडद्यामागे गेली, तर सेत्सु मांडीवर एक लहानसं मडकं घेऊन त्याचं कापड बदलत होती. बाळाची कापडं बदलावीत तसं. किवाने ते मडकं हातात घेतलं. रिकामं वाटावं इतकं हलकं होतं. पुढच्या रविवारपासून ती उपासनेला जायला लागली, कारण तिथून पडदा दिसायचा.

मुकाईने हे आज पहिल्यांदा ऐकलं. तो बायकोकडे बघत राहिला. किटली हातात धरून दारात उभी असलेली सेत्सु त्याची नजर चुकवून वडिलांना सांगू लागली. नवऱ्याच्या घरच्यांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, दार उघडलं नव्हतं. ख्रिस्ती झालेला मुलगा त्यांनी कधीच टाकला होता, त्याचं पोर ते कशाला घेतील. दोघं ज्या गाडीने गेले तिनेच परत आले.

"मग इकडे का नाही आणलंस?" किसाबुरोंनी विचारलं. "हे घर होतं ना?"

सेत्सुने किटली खाली ठेवली. उत्तर तामीने दिलं, आणि ते देताना ती नवऱ्याच्या बाजूच्या आसनावरून उठून नणंदेजवळ जाऊन उभी राहिली.

"आणली होती. वन्सं मागच्या दाराने आल्या होत्या. मी तिथंच भांडी घासत होते. यांनी सांगितलं, ती मुकाईंच्या घरची आहे, इथल्या दगडाखाली चालायचं नाही."

"मी म्हटलं होतं, भिक्षूंना विचारून बघतो," एइसाकु म्हणाला. "मग ते राहून गेलं."

"राहून नाही गेलं. तुम्ही घाबरलात."

लग्न झाल्यापासून तामी चारचौघांत नवऱ्याला असं कधी बोलली नव्हती. तिचा आवाज चढलाही नव्हता. त्याच आवाजात ती पुढे म्हणाली, की देव्हाऱ्याची काळजी कुणी करू नये, ती तिची ती बघते आहे. "आईंनी पन्नास वर्षं तुमच्या पितरांना भात वाढला. आता त्यांना त्यांच्या नातीजवळ जाऊ द्या."

एइसाकु उठून अंगणात गेला. तिथे उरलेल्या सालींच्या ढिगाशेजारी त्याने सिगारेट पेटवली. त्याला आठवत होतं. थंडीने लाल झालेलं बहिणीचं नाक, आणि तिने छातीशी धरलेलं ते गाठोडं. एवढंसं असतं हे, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं. त्याने त्याला हात लावला नव्हता, कारण हात लावला असता तर नाही म्हणता आलं नसतं.

*

ऊन उतरल्यावर किसाबुरोंनी सालींची एक मोळी बगलेत मारली आणि दारात उभं राहून म्हणाले, "चल."

किवा काठी टेकत त्यांच्यामागे निघाली. बागेच्या वरच्या टोकाला, फांद्यांना टेकू दिलेली झाडं संपतात तिथे, उतारावर काही ओबडधोबड दगड होते. खूप जुन्या दुष्काळात मेलेल्या लोकांचे. कोण होते, कुठून आले होते, कुणालाच ठाऊक नव्हतं. किसाबुरोंच्या आजोबांनी तिथे जाळ करायची रीत घातली होती आणि ती त्यांनी मोडली नव्हती. किवा दरवर्षी घरी थांबायची. आज त्यांनी तिला गवतावर बसवलं आणि जाळ पेटवला.

ते एकेक साल जाळात सारत राहिले. त्यांना रागाचं काही बोलायचं नव्हतं. इतके दिवस जे मनात होतं ते वेगळंच होतं, आणि या वयात ते बोलायची लाज वाटत होती.

"तू तिकडे गेलीस," ते शेवटी म्हणाले, "की मी एकटा."

"एकटे कसे? शोजी आहे की तुमच्याजवळ."

त्यांनी हातातली साल उगाच दोनदा मोडली.

"पूर आला होता ते वर्ष आठवतं का?" किवाने विचारलं. "पूल वाहून गेला तेव्हा? एइसाकु माझ्या माहेरी होता, तुम्ही शोजीला खांद्यावर घेतलं होतं आणि मी सेत्सुला पाठीशी बांधलं होतं. एकेकाने एकेक पोर घेतलं म्हणून तर पलीकडे गेलो. आताही तसंच करू. तुम्ही शोजीजवळ राहा. मी या पोरीजवळ जाते. तिच्याजवळ कुणीच नाही हो."

"तू पुढे होतीस तेव्हा," किसाबुरो म्हणाले.

"तुम्हाला पाण्याची भीती वाटायची."

"अजून वाटते." त्यांनी काठीने जाळ सारखा केला. "पलीकडे भेटलो होतो मात्र."

"भेटलो होतो की. माझी चप्पल गेली होती वाहून, त्यावरून तुम्ही घरी येईपर्यंत बोललात."

किसाबुरोंनी तोंड फिरवलं, आणि धुराने डोळे भरले असं म्हणाले. मग ते उठले, दगडांच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत गेले आणि टाचेने माती उकरून बघू लागले. तिथून खाली वखारीचं छप्पर दिसत होतं आणि शेतांपलीकडे गावच्या कबरस्तानातला धूर. माती मऊ होती. ते म्हणाले, फळीवर कुणी माणूस ठेवतं का? इथे आणा तिला. इथे आधीपासून माणसं आहेत. त्या कोळसावाल्यालाही सांगा, त्याच्यापुरती जागा आहे.

*

मुकाई मात्र दोन दिवस अस्वस्थ होता. किवाने मडकं पाहिल्याचं सेत्सुने त्याच्यापासून लपवलं याचं त्याला दुःख नव्हतं. दुःख वेगळंच होतं, आणि ते त्याने तिला सांगितलं. आईंना प्रभू नको आहे, नात हवी आहे. अशा माणसाला बाप्तिस्मा द्यावा का, थोडं थांबू या का, असं तो म्हणाला.

सेत्सु शिवत होती. तिने दोरा दाताने तोडला. "तुम्ही पहिल्यांदा सभेला गेलात ते कशासाठी? तुम्हीच सांगितलं होतंत. तिथं शेगडी पेटवलेली असायची म्हणून."

तो उठून सासूला शोधत बागेत गेला. किवा झाडाखाली पालथ्या टोपलीवर बसून वाऱ्याने पडलेली हिरवी फळं निवडत होती. तो समोर उकिडवा बसला आणि बाप्तिस्म्याआधी प्रत्येकाला विचारायचे असतात ते प्रश्न त्याने विचारले. आवाज अगदी हळू होता. जणू उत्तराची त्यालाच धास्ती होती.

किवाने त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"मला तुमच्यासारखं बोलता येत नाही," ती म्हणाली. "लोकांनी लेकरांना हाकललं तेव्हा त्यानं त्यांना जवळ घेतलं, असं तुम्ही एका रविवारी वाचलंत. त्या दिवशी मला वाटलं, मग आमची हानाए त्याच्याजवळच असणार. ती सुखात आहे असं मला तेव्हापासून वाटतं. आधी वाटत नव्हतं. म्हणून मला तिथं जायचंय. याला विश्वास म्हणत नसाल, तर काय म्हणतात ते तुम्ही सांगा, मी ते शिकते."

हानाए गेल्यापासून मुकाई उपासनेत, घरी, रस्त्यावर रडला नव्हता. मंडळीला आधार द्यायचा म्हणून रडला नव्हता. आता तो सासूसमोर मातीत बसून रडला. किवा सफरचंदं निवडत राहिली. मधे एकदा तिने हात पुढे करून त्याच्या केसांत अडकलेलं पान काढलं.

रविवारी भातशेतीच्या तळ्यात बाप्तिस्मा झाला. डोंगरातून येणारं पाणी ऑगस्टमध्येही बर्फासारखं असतं. किसाबुरो काठावर कोरडे कपडे छातीशी धरून उभे होते. प्रार्थना चालू असताना त्यांनी मधेच जावयाला बजावलं, की तिचे गुडघे दुखतात, सांभाळून. मुकाईने प्रार्थना थांबवली, हो म्हटलं, आणि पुन्हा सुरू केली. किवा पाण्यातून वर आली तेव्हा केस सुटून तोंडावर आले होते आणि ती लहान मुलीसारखी धापा टाकत हसत होती. कोळसावाला म्हातारा कडेला उभा होता. उतारावरच्या जागेचं त्याच्या कानावर गेलं होतं.

त्या जागेच्या परवानगीसाठी कचेरीत चकरा एइसाकुने मारल्या. कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस चांगली टोपी घालून निघाला आणि तोंडाने कुरकुर करत, साहेब भेटत नाहीत म्हणून शिव्या देत, काम होईपर्यंत जात राहिला. मंदिराच्या कमिटीतही त्याने स्वतःच सांगून टाकलं. कुणी काही बोलायच्या आत म्हातारे भिक्षू म्हणाले, त्या दगडांकडे आजवर ओसानाईंशिवाय कुणी फिरकलं नाही, तेव्हा त्यांच्या शेजारी कुणाला बसवायचं ते त्यांनीच ठरवावं. ते घरी सांगताना एइसाकु बहिणीकडे न बघता तामीकडे बघत होता. सेत्सुने उठून त्याला जेवण वाढलं. त्याने भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

लवकर पिकणारी सफरचंदं उतरवून झाल्यावर, आकाश स्वच्छ असलेल्या एका सकाळी सगळे उतारावर जमले. मंडळीतली माणसं होती, ओसानाई होते आणि लांबवर, आपण सहज आलो असं दाखवत, काही शेजारी. खड्डा एइसाकुने खणला होता, हवा होता त्यापेक्षा बराच खोल. मुकाईने वाचन केलं, मग मंडळीने गीत म्हटलं. सायकलवाल्या बाईंचा सूर नेहमीप्रमाणे चुकला आणि तामीच्या ओठांवर ते गीत आलं, कारण वखारीच्या मागच्या बागेत काम करताना तिने ते पुष्कळदा ऐकलं होतं. सेत्सुने मडकं खाली ठेवायला दिलं ते एइसाकुच्या हातात. त्याने ते दोन्ही हातांत घेतलं आणि खाली ठेवायला त्याला वेळ लागला.

माती लोटून झाल्यावर किसाबुरो जावयाला म्हणाले, की त्यांना त्याच्या प्रार्थना येत नाहीत, तर त्यांनी आता काय करायचं.

"शोजीजवळ गेलात की काय करता?"

"बोलतो."

"मग बोला."

किसाबुरोंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि ते गुडघे मोडून मातीसमोर बसले. आधी त्यांनी घसा साफ केला. मग त्यांनी तिला सांगितलं, की मी तुझा आजोबा, तुझी आजी थोड्या वर्षांनी येईल, घाई नाही. शेजारचे लोक जुने आहेत, भले आहेत, त्यांनी भूक पाहिली आहे, ते कुणाला त्रास देत नाहीत. तुझा मामा जोरात बोलतो, पण त्याला घाबरायचं नाही. मग ते थांबले. डोंगराच्या माथ्याकडे बघून त्यांनी हाताने माती थापटली.

"लवकरच बर्फ पडेल," ते म्हणाले. "इकडे फार पडतो, सगळं झाकून जातं. भ्यायचं नाही. हा उतार दक्षिणेकडे आहे. सगळ्या गावात आधी इथलाच वितळतो."